गेला, आईसोबत

नोएमीने एक चौकट रिकामी ठेवली होती. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका तीन दिवस झाले तरी जायला तयार नव्हता.

चौकट मृत्यूची होती. बाकी सगळं भरून झालं होतं. नाव वित्तोरे. बाप पिएत्रो, सुतार. गाव झोल्दो, वर डोंगरात. सान लेओनीनो वसतिगृहात प्रवेश १४४५ साली, वय सोळा. विषय वैद्यक. ओळखीची खूण, तोतरा. शेवटच्या चौकटीत काय लिहायचं तेही समोरच्या पिवळट कार्डावर तोदेस्कातो बाईंच्या उभट, बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: 'मृत्यू, ऑक्टोबर १४४७, साथीत. आईसह.'

एवढंच उतरवून घ्यायचं होतं. बाळंतपणाच्या रजेआधी नोएमी असे मृत्यू दिवसाला तीस-चाळीस उतरवायची, एका हातात बिस्कीट धरून. साथीच्या वर्षांची पानं तर भराभर व्हायची, कारण सगळ्यांचं कारण एकच. पण विओला झाली, दहा महिन्यांची होऊन पाळणाघरात जायला लागली, नोएमी अर्ध्या वेळेच्या कामावर परत आली, आणि तेव्हापासून तिची बोटं त्या चौकटीपाशी अडखळायला लागली. आधी ती वय बघायची. मग गाव किती लांब ते बघायची. मग उगीचच मनात यायचं, जवळ कुणी होतं का? पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या पोरांच्या उशाशी ती अशी एकेक मिनिट बसून यायची आणि मग लिहायची. पाळणाघराचा फोन आला तर लगेच दिसावा म्हणून फोन की-बोर्डशेजारी उताणा ठेवलेला असायचा. तो चालू आहे ना, हेही ती मधून मधून बघून घ्यायची.

या वित्तोरेजवळ कुणी नव्हतं असंही नव्हतं. आई होती. म्हणूनच लिहवत नव्हतं.

पादोव्हात जुन्या विद्यापीठाचा इतिहास शिकला आणि वित्तोरे ठाऊक नाही, असा माणूस सापडायचा नाही. अडतीस वर्षांपूर्वी एर्सिलिया तोदेस्कातो बाईंनी त्याच्यावर बारा पानांचा लेख लिहिला होता. सुताराचा तोतरा मुलगा. वादसभेत शब्द अडकला की बाकीची पोरं हसायची, तशी नोंदच आहे. मग साथ आली. सगळं शहर वेशीतून बाहेर पळत असताना त्याची आई डोंगरातून उतरून एकटी आत शिरली, आणि मुलाच्या शेजारी तीही मेली. वसतिगृहाच्या नोंदवहीत या सगळ्याबद्दल तीनच लॅटिन शब्द होते. त्या तीन शब्दांवर बाईंनी बारा पानं उभी केली होती आणि त्यात एकही वाक्य फुगवलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांची नोएमी विभागाच्या आवारातल्या बाकावर बसून तो लेख वाचताना रडली होती, आणि कायद्याचा अभ्यास सोडून इकडे आली होती. आता ती एकतीस वर्षांची होती.

बाईंची कार्डं अकरा हजारांच्या वर होती, बुटांच्या एक्केचाळीस खोक्यांत. प्रत्येक कार्डावर १५०० सालाआधी पादोव्हात शिकलेला किंवा शिकवलेला एक माणूस. बाईंनी ती कार्डं तीस वर्षं मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोकं घालून केली होती. आता ती सगळी डेटाबेसमध्ये जात होती, शेजारच्या शहरांच्या याद्यांसोबत, म्हणजे एका गावी शिकलेला आणि दुसऱ्या गावी पोट भरणारा माणूस एका शोधात सापडावा. बाईंचा यंत्रावर विश्वास नव्हता, पण खोकी त्यांनी आपणहून दिली होती. येत्या शनिवारी तीन वाजता सभागृहात तो डेटाबेस सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. ब्याऐंशी वर्षांच्या बाई वित्तोरेवर बोलणार होत्या. निमंत्रणपत्रिकेवर ते तीन शब्द छापलेसुद्धा होते.

डेटाबेस बांधला होता तित्सियानो बेत्तेल्लाने. हा ऑक्टोबरातही सँडल घालून यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच अंडी सोलायचा. मंगळवारी त्याने खुर्ची मागे रेटून नोएमीच्या पडद्यात डोकावून बघितलं.

"नोएमी, त्या पोराला एकदाचं मरू दे," तो म्हणाला. "साडेपाचशे वर्षं झाली, आता कुणी रडायचं नाही. माझा ठिपका जाईल."

भरते म्हणाली, आणि भरायचं सोडून तिने नोंदवहीच्या मूळ पानाचा फोटो उघडला. तिला शंका वगैरे काही आली नव्हती. नुसता वेळ काढायचा होता.

बाईंच्या काळी ही वही मायक्रोफिल्मवर होती, काळी-पांढरी, कोळशाने काढल्यासारखी. आता रंगीत फोटो होते. कागदाची सुरकुती दिसायची, शाईचा तपकिरी रंग कुठे दाट, कुठे फिका, तेही दिसायचं. ते तीन शब्द पानाच्या कडेला होते. ओबीइत कुम मात्रे. मेला, आईसह. नोएमीने ते मोठे केले, आणखी मोठे केले. पहिल्या अक्षराचा गोल आता तिच्या मुठीएवढा झाला होता.

गोलाच्या उजव्या पायाशी एक शेपटी होती. फिकी, चहाच्या डागासारखी, पण होती. तीच पुढच्या अक्षराला खालून जाऊन मिळत होती.

आपल्या लिपीत आ वर मात्रा चढली की ओ होतो. वही लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातात गोलाला शेपटी फुटली की ओ चा आ व्हायचा. ओबीइत म्हणजे मेला. आबीइत म्हणजे निघून गेला.

आबीइत कुम मात्रे. गेला, आईसोबत.

नोएमीने हात माउसवरून उचलून मांडीवर ठेवला. तिला आधी आनंद झाला, इतका की तिने आजूबाजूला बघितलं. आणि लगेच स्वतःचाच संशय आला. दहा महिने तिची धड झोप झाली नव्हती. मूल शांत झोपलंय तरी नाकाखाली बोट धरून बघणारी बाई ती. तिच्या डोळ्यांनी काय बघितलं त्याचा काय भरवसा? तिने तित्सियानोला हाक मारली आणि काही न सांगता विचारलं, हे कुठलं अक्षर? तो म्हणाला, मला तर सगळं कोंबडीच्या पायांसारखं दिसतं. मग तिने सांगितलं, तेव्हा त्याने हातातलं अंडं खाली ठेवलं.

नाव शोधून बघू, असं त्यालाच सुचलं. पण यंत्र शोधेना. एकदा मृत्यूचं साल घातलं की यंत्र त्यापुढच्या कागदपत्रांत त्या माणसाकडे बघतच नसे. बाईंच्या कार्डांवरून ती सालं आधीच एकगठ्ठा चढवलेली होती आणि कुणीतरी प्रत्येक नोंद तपासून चौकट भरायची, एवढंच बाकी होतं. तित्सियानोने तो नियम तेवढ्यापुरता बंद केला. दोन सेकंदांत ओळ आली. शेजारच्या त्रेव्हीझो शहराच्या मंडळींनी दीड महिन्यापूर्वी घातलेली. 'मास्टर वित्तोरे, झोल्दोच्या पिएत्रो सुताराचा मुलगा, उर्फ बाल्बो. सेर्रावाल्ले गावचा वैद्य. मृत्युपत्र १४८९.'

बाल्बो म्हणजे तोतरा.

"मेलेला उठला," तित्सियानो हळूच म्हणाला.

मग दोघांच्याही डोळ्यांपुढे तोदेस्कातो बाई आल्या.

दोन नोंदी जोडायच्या तर यंत्र कारण विचारायचं, आणि ते कारण कायमचं नोंदीखाली दिसायचं, जगात कुणीही उघडो. इथे लिहावं लागणार होतं: आधीचं वाचन चुकीचं, वाचन करणार ए. तोदेस्कातो. उघडण्याच्या दिवशी, त्यांच्याच पोराच्या नावाखाली. तित्सियानोने डोकं खाजवलं. त्याचं म्हणणं, शनिवार जाऊ दे. बाईंना त्यांचं भाषण करू दे, लोक टाळ्या वाजवतील, सोमवारी आपण गुपचूप जोडून टाकू. ठिपका मी हाताने लपवतो. एवढं आयुष्य घातलं त्यांनी, एक शनिवार द्यायला काय हरकत आहे?

नोएमीला ते पटलं होतं. घरी जाईपर्यंत पटलं होतं. विओलाला आंघोळ घालताना, एका हाताने मानेखाली आधार देताना मात्र ती बाई तिच्या मनातून जाईना. तोदेस्कातो बाई नव्हेत, ती दुसरी. एवढी चालत आली, मेलेल्या शहरात शिरली, पोराला उचलून घेऊन गेली. आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला अजून त्याच खोलीत मेलेली ठेवलीय, वर तिच्यासाठी सभागृह सजवतोय. चुकून ठेवली तोवर ठीक. आता आपल्याला ठाऊक आहे.

गुरुवारी पाळणाघराचा संप होता. नोएमीने विओलाला पाठुंगळीच्या झोळीत घातलं, लॅपटॉप आणि वित्तोरेचं कार्ड घेतलं आणि पोर्तेल्लोजवळच्या बाईंच्या घराचे तीन मजले चढली.

बाईंनी दार उघडल्या उघडल्या मुलीच्या अंगावरचे कपडे मोजले. टोपी, मफलर, दोन स्वेटर. ऑक्टोबर चाललाय की ध्रुवावर निघालीस, असं विचारत त्यांनी एकेक उतरवून खुर्चीवर टाकलं. "तिला श्वास घेऊ दे, येतो तिला," त्या म्हणाल्या. चुलीवर सूप ठेवलेलं होतं, त्यात चांदण्यांच्या आकाराचा बारीक पास्ता. नोएमीने जमिनीवरून नजर फिरवली: टाचण्यांची डबी, चेस्टनट, पुस्तकांचा कलता ढीग. टाचण्या वर ठेवल्या, चेस्टनट वर ठेवले, ढीग भिंतीला टेकवला. बाई बघत होत्या.

भाषण तयार होतं. आठ कागद, मोठ्या अक्षरात, कारण डोळे आता साथ देत नव्हते. वाचून दाखवू का, असं बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरू केलं. पहिलंच वाक्य होतं, 'ऑक्टोबर महिन्यात या शहराच्या वेशीतून एक बाई आत आली.' नोएमीला वाटलं, पुढचं वाक्य वाचून झालं तर आपल्याच्याने सांगवणार नाही.

"बाई," ती म्हणाली. "थांबा. ती बाहेरही गेली."

बाईंनी कागद खाली केला.

नोएमीने सगळं सांगितलं. शेपटी, तपकिरी शाई, सेर्रावाल्लेचा वैद्य. भरभर सांगितलं आणि मधे तीनदा म्हणाली की माझीच चूक असेल. विओला टेबलाचा पाय धरून उभी राहत होती आणि बसत होती. बाई मुलीकडे बघत होत्या, नोएमीकडे नाही.

"तुला मूल झालंय," अखेर त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुला आता कुठल्याच कागदावर मेलेलं मूल दिसायचं नाही."

हेच वाक्य नोएमी मंगळवारपासून स्वतःला ऐकवत होती. तरीही ते गालावर बसल्यासारखं लागलं.

"म्हणून तर तुमच्याकडे आले," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही."

 बाई उठल्या, सूप उतरवलं, आणि वर्गात सांगायच्या त्या आवाजात सांगायला लागल्या. त्याच कारकुनाची, त्याच वहीतली वीस अक्षरं काढ, आ आणि ओ मिसळून. कागदाला भोक पाड, अक्षर तेवढं भोकातून दिसेल, आजूबाजूचा शब्द दिसता कामा नये. त्यात कुठेतरी ते टाक. कितवं ते मला सांगू नकोस. शब्द कळला की डोळा हवं ते वाचतो, तुझाही आणि माझाही.

नोएमी स्वयंपाकघरात बसून अक्षरं काढत राहिली. कागदाला भोक पाडायच्या ऐवजी तिने पडद्यावरच एकेक अक्षर कापून वेगवेगळं ठेवलं, पण बाईंना ते पटेना म्हणून कागदही कापला आणि पडद्यावर चिकटवला. पलीकडच्या खोलीत बाई विओलाला सूप भरवत होत्या. दर चमच्याला नोएमीचे कान तिकडे जात. एकदा विओला खोकली. नोएमी अर्धी उठली. "गिळलं," पलीकडून बाई म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

मग बाई भिंग घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या, नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळ. त्यांनी नोएमीला तोंड भिंतीकडे करून बसायला सांगितलं. "तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. तिला मांडीवर घे आणि तिकडे बघ."

नोएमी भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर पादोव्हाच्या कुठल्यातरी जुन्या बिशपची रंग उडालेली तसबीर होती. मागून बाईंचा आवाज येत होता, मधे मधे की दाबल्याचा.

"ओ. ओ. आ. हा घाईत आहे, पण ओ. आ. आ. हा कारकून सकाळी बरा लिहितो, संध्याकाळी प्यायचा बहुतेक. ओ."

नोएमी मनात मोजत होती. विओलाने तिचं बोट तोंडात घेतलं होतं. खालचे दोन दात टोचत होते. अकरा. बारा. तेरा.

"आ," बाई म्हणाल्या, आणि पुढची की दाबली. "ओ. ओ. आ."

वीस झाली. बाई थांबल्या.

"चौदावं होतं," त्या म्हणाल्या.

नोएमी वळली. "कसं कळलं?"

"तू श्वास रोखलास."

बाईंनी परत मागे जाऊन चौदावं अक्षर काढलं आणि नुसत्या बघत राहिल्या. भिंग न लावता, लांबून. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते नोएमीला कळेना. तिने इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती तो राग नव्हता. ती काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली की मायक्रोफिल्मवर ती शेपटी दिसतच नाही, मी ताडून बघितलंय, कुणीही ओच वाचला असता.

"दिसत नव्हती तर मूळ वही मागायची," बाई म्हणाल्या. "शंका असली की मूळ वही मागायची, हे मी तुम्हा सगळ्यांना शिकवलं ना? मला शंका आली होती. ओबीइतपुढे तारीख लिहितात, इथे नव्हती. मी मागितली नाही वही. का, सांगू? मला ती गोष्ट आवडली होती."

विओला मांडीवरून सरकून खाली उतरली आणि रांगत बाईंच्या पायांशी गेली. बाईंनी वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला, उचललं मात्र नाही.

"दर दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, मी त्या दोघांसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगते," त्या म्हणाल्या. "पाद्रीला वाटतं माझे कुणी लागतात. अडतीस वर्षं जिवंत माणसांसाठी सांगत होते बघ." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "तसे आता मेलेलेच आहेत म्हणा. वाया नाही गेलं."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्यानंतर किती वर्षं जगला? बेचाळीस. बायको? होती, मृत्युपत्रात नाव आहे. मुलं? तीन मुली. पुस्तकं? सात, सगळी गावाला दिली. तोतरेपण गेलं नाही ना शेवटपर्यंत? नसावं, नाहीतर तसं नाव कशाला राहिलं असतं. आणि तोतरा असूनही गावाने त्याला वैद्य नेमलं? नेमलं, तीनदा. बाई प्रत्येक उत्तरावर मान हलवत होत्या. बऱ्याच वर्षांनी गावाकडचं कुणीतरी भेटावं आणि एकेकाची चौकशी करावी, तशा त्या विचारत होत्या.

"आणि आई?"

नोएमीला हे माहीत होतं की हा प्रश्न येणार. आईचं कुठेच काही नव्हतं. नावसुद्धा नव्हतं. डेटाबेसमध्ये बापाला चौकट होती, गावाला होती, गुरूला, आश्रयदात्याला, जामीन राहणाऱ्यालाही होती. आईला नव्हती.

"तुझ्या त्या सँडलवाल्याला सांग," बाई म्हणाल्या, "एक चौकट काढ म्हणावं. शनिवारच्या आत." त्यांनी बुटांच्या खोक्यातून आणलेलं ते पिवळट कार्ड नोएमीकडून मागून घेतलं, 'मृत्यू' या शब्दावर सरळ एक रेघ मारली, खाली 'गेला, आईसोबत' असं लिहिलं, आणि खाली आपली आद्याक्षरं घातली. मग पेन नोएमीच्या हातात दिलं. "तुझीही घाल. आधी तू वाचलंस."

भाषणाचे आठ कागद त्यांनी उलटे केले. मागची बाजू कोरी होती. पहिलं वाक्य तेच राहू दे, असं त्या म्हणाल्या. पुढचं सगळं आता बदलायचं, आणि चूक कुणाची ते दुसऱ्याच वाक्यात सांगायचं, म्हणजे लोक उगीच शेवटपर्यंत टाळ्यांची वाट बघत बसणार नाहीत. नोएमीला रडू येत होतं. तिने विओलाला उचललं, स्वेटर घातले, मफलर हातातच ठेवला. दारात बाईंनी तिला थांबवलं, तो मफलर घेतला आणि मुलीच्या गळ्याभोवती स्वतः गुंडाळला. जिन्यात गार असतं, म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी तित्सियानोने चौकट काढून दिली. तिचं नाव काय ठेवायचं यावर तो तासभर अडून बसला होता. शेवटी 'कोणासोबत' असं ठेवलं, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. नोएमीने दोन्ही नोंदी जोडल्या. कारणाच्या जागी बाईंनी फोनवरून सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. लाल ठिपका गेला. तित्सियानोने टेबलावर ताल धरला आणि आपलं अंडं अर्धं करून तिला दिलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता नोएमी विओलाला नासपतीचा गर भरवत होती, तेवढ्यात फोन वाजला. पाळणाघर शनिवारी बंद, हे माहीत असूनही तिचा हात फोनकडे धावला. बाई होत्या. नमस्कार-चमत्कार काही नाही.

त्यांनी नकाशा काढून ठेवला होता म्हणे. पादोव्हापासून झोल्दोपर्यंत, चालत, आजारातून उठलेला किंवा आजारी पडायच्या बेतात असलेला मुलगा बरोबर घेऊन, सात-आठ दिवस. ऑक्टोबर संपत आलेला, म्हणजे वरच्या घाटात बर्फ पडायला लागलेलं. आणि साथीच्या शहरातून आलेल्यांना वाटेतलं कुठलं गाव वेशीच्या आत घेणार? त्रेव्हीझोने नसणार घेतलं, तिथे कडक पहारा असायचा. मग झोपले कुठे दोघं? त्याच्याकडे पांघरूण होतं का? वसतिगृहाच्या वहीत सामानाची यादी असते, तू बघितलीस का? आणि पुढे सेर्रावाल्ले लागतं. तोच माणूस तीस वर्षांनी त्याच गावाचा वैद्य होतो, हे काय उगीच? त्यांनी आत घेतलं असेल का? तिथल्या वेशीचं दप्तर कुणाकडे आहे, त्रेव्हीझोच्या मंडळींना आत्ता फोन कर.

रात्री झोपला नाहीत का तुम्ही, असं नोएमीने विचारलं. बाईंनी ते ऐकलंच नाही. त्या पुन्हा पांघरुणावर आल्या.

विओलाने गराचा चमचा धरला आणि जमिनीवर टाकला. नोएमीने खांद्यात फोन धरून तो उचलला, पुसला.

"बाई," ती म्हणाली, "तो पोचला. मोठा झाला, वैद्य झाला, साठ वर्षांचा होऊन गेला. आता कसली काळजी करता?"

पलीकडे नकाशाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे गं पोचला," बाई म्हणाल्या. "तिला तेव्हा माहीत नव्हतं ना."

नोएमीने विओलाला कडेवर घेतलं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला आणि सामानाची यादी शोधायला लागली.